सरकवलेली जन्मवेळ

९ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. वहिनीच्या गुडघेदुखीला उतार पडला असेल, नातीला दात आले असतील आणि तुझ्या बाहेरच्या खोलीत पत्रिका दाखवायला आलेल्यांची गर्दी नेहमीसारखीच असेल, असं धरून चालते. माझं बरं आहे. चष्म्याचा नंबर वाढला, दाराला रंग काढला. झाली खुशाली. आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते लिहिते. फोन केला असता, पण फोनवर मी मुद्द्यावर आले की तुला नेमकं ऐकू येईनासं होतं.

मागच्या आठवड्यात माझ्याकडे एक बाई पत्रिका दाखवायला आली. बंदरात क्रेन चालवते. म्हणजे चालवत होती. उंचावरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून जहाजावरचे कंटेनर उचलायचे आणि अलगद खाली ठेवायचे, हे काम करणारी अख्ख्या धक्क्यावर ती एकटीच बाई. आता ती खाली गोदामात बसून हातमोजे आणि हेल्मेटं वाटते. का, तर तू तिच्या पत्रिकेखाली "उंचावरून पडून घात संभवतो" असं लिहून दिलंस.

तिने पत्रिका टेबलावर ठेवली तेव्हाच अक्षर ओळखलं. जन्मवेळ दुपारी दोन वाजून एकवीस मिनिटं नऊ सेकंद. वर "शुद्ध केलेली" असंही लिहिलंयस. ते नऊ सेकंद वाचून मला आधी हसू आलं, मग तळपायाची आग मस्तकात गेली.

तिची आई ठणठणीत आहे. तिला तिथूनच फोन लावला आणि विचारलं, मुलगी किती वाजता झाली.

"दुपारचा भोंगा झाला आणि मग थोड्या वेळाने."

"थोडा वेळ म्हणजे साधारण किती?"

"अहो, बाळंतीण बाई काय घड्याळाकडे बघत बसते?"

बरोबर आहे तिचं. पण त्या "थोड्या वेळा"तच लग्न बदलतं, रे. जन्माच्या वेळी पूर्वेला उगवणारी रास कोणती, यावर सगळी घरं ठरतात, हे तुला मी सांगायला नको. अलीकडची वेळ धरली तर तिचा मंगळ नवव्या घरात, भाग्यात. जरा पलीकडची धरली तर तोच मंगळ आठव्यात, मृत्यूच्या घरात. वेळ पक्की नसेल तर घरांबद्दल बोलायचंच नाही, राशीपुरतं बोलायचं आणि गप्प बसायचं. एवढी एक शिस्त आपल्या विद्येत आहे आणि तीच तुला नडते, कारण गप्प बसणाऱ्या ज्योतिषाकडे कुणी येत नाही.

तू तिला विचारलंस, आयुष्यात काय काय घडलं. ती म्हणाली, लहानपणी झाडावरून पडले, हात मोडला. झालं. मंगळ आठव्यात येईपर्यंत तू वेळ पुढे ढकललीस. पडण्याशी वेळ जुळली, म्हणून वेळ खरी. वेळ खरी, म्हणून ती पुन्हा पडणार. याला तू शुद्धी म्हणतोस? झाडावर चढणारी निम्मी पोरं पडतात, त्या सगळ्यांचे मंगळ काय आठव्यात असतात?

मी तिच्यापुढे दोन्ही पत्रिका मांडल्या. सांगितलं, यातली तुझी कुठली ते मला माहीत नाही, माझ्या भावालाही नाही आणि कुणालाच कधी कळणार नाही. तिने दोन्ही कागद एकावर एक ठेवले. मग म्हणाली, "म्हणजे मी वर जाऊ?"

"जायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. फक्त या कागदाला विचारून ठरवू नका."

तिचा नवरा दाराशी उभा होता. रंगारी आहे, साधा माणूस, दुष्ट नाही. तो एवढंच म्हणाला, "ताई, तुम्ही म्हणता ते पटतं. पण ते वाक्य आता डोक्यात बसलंय, ते कसं काढायचं?"

वाक्य तू बसवलंस, तूच काढ. त्याला तुझ्या हाताने लिही की वेळ मला माहीत नव्हती, मी अंदाज बांधला. दोन ओळी पुरेत.

माझ्या पत्रिकेचा विषय मी इथे काढत नाही. तूही काढू नकोस.

तुझी ताई

२ डिसेंबर

धाकट्या,

तुझं पत्र आलं. रंगाऱ्यासाठी त्यात एक ओळ नाही. काढू नकोस म्हटलेला विषय मात्र दीड पानभर काढलायस. लिहितोस, "ताई, तुझा राग त्या बाईसाठी नाहीच, तो बाबांवर आहे. आणि बाबांनी तुला वाचवलं नसेल कशावरून?"

मग ऐक.

जहाजावरून हवामानाच्या नोंदी घेणाऱ्या तुकडीत माझी निवड झाली होती. बाबांनी माझी पत्रिका पुढ्यात ओढली आणि म्हणाले, शनी आठव्यात, तोही जलराशीत, पाण्यापासून घात आहे, जायचं नाही. मी रडले, जेवले नाही, शेवटी राहिले. ही विद्या मी बाबांकडून आवडीने शिकले असं तू लोकांना सांगतोस. तो शनी खरंच तिथे आहे का, हे मला स्वतःला पडताळून बघायचं होतं, म्हणून शिकले.

आणि आईने शेवटच्या आजारात काय सांगितलं? तू पलंगाच्या पलीकडच्या बाजूला बसला होतास. ती म्हणाली, "हिच्या वेळी मी शुद्धीवर नव्हते. वेळ कुणीच पाहिली नाही. ही नदीत पडली ना, त्यानंतर यांनी ती बसवली." मी तुझ्याकडे पाहिलं. तू उठलास आणि तिच्या औषधाची वेळ झाली म्हणालास.

मी लहानपणी पाण्यात पडले म्हणून बाबांनी माझी वेळ सरकवली, आणि वेळ सरकवली म्हणून मला जन्मभर पाण्याजवळ जाऊ दिलं नाही. हे तुला इतकी वर्षं माहीत आहे, आणि तरी तू हेच शस्त्र उचलून दुसऱ्या बाईवर चालवलंस. बाबांना निदान माझी काळजी होती. त्या क्रेनवालीची तुला कसली काळजी होती?

माझ्या जागी जी मैत्रीण गेली ती नोकरी पुरी करून निवृत्त झाली. हल्ली ती वजन कमी करण्याच्या मागे आहे आणि रोज मला फोन करून छळते. मला वाचवलं म्हणतोस, तर कशापासून ते एकदा सांग.

हो, बाबांवर माझा राग आहे. म्हणून त्या बाईसाठीचा राग खोटा होत नाही. माझ्यासाठी तेव्हा कुणी रागावलं नाही, म्हणून मी रागावते आहे.

आता तिची बातमी. ती पुन्हा वर गेली. साहेबांना भेटली, तपासणीला उभी राहिली, केबिन परत मिळवली. तिने मला बोलावलं म्हणून मी धक्क्यावर गेले होते. खालून ती दिसत नाही, फक्त एवढा मोठा लोखंडी डबा हळूहळू उतरताना दिसतो, आणि टेकतो तेव्हा धडकन आवाज येत नाही. चांगलं काम करते. मला इतका आनंद झाला की तुझ्यावरचा राग काही वेळ विसरले.

पण परत निघाले तर फाटकाबाहेर तिचा नवरा उभा. मान वर, नजर केबिनवर. विचारलं, आज कामावर नाही गेलात? म्हणाला, "ती वर असली की माझा ब्रश चालत नाही. ती उतरेपर्यंत मी इथेच असतो."

"रोज?"

"रोज. तिला सांगू नका. तिला वाटतं मी कामावर असतो."

धाकट्या, ती तुझ्या मंगळातून सुटली. तो सुटलेला नाही. माझं बोलणं तो ऐकून घेतो, मान डोलावतो आणि पुन्हा वर बघतो, कारण भीती घालणारा माणूस मोठा ज्योतिषी होता आणि समजूत घालणारी नुसती त्याची बहीण आहे. आता दोन ओळींनी भागणार नाही. तू स्वतः ये. फाटकाशी त्याच्यासमोर उभा राहा आणि तोंडाने सांग की मला माहीत नव्हतं. लाज वाटेल. वाटू दे.

उन्हात एकटा उभा असतो बिचारा. तू येईपर्यंत मी त्याच्याजवळ जाऊन थांबते आहे.

तुझी वाट पाहणारी,
ताई