येतो म्हणावं

सोमवार

पोचलो एकदाच्या. नात इथे नर्स, आणि तिच्या पाठोपाठ मी. तिच्या मते लोढणं, माझ्या मते सोबत. मला अक्षर ओळखत नाही आणि मी अक्षराला, म्हणून मी बोलायचं आणि तिनं लिहायचं. टूम तिचीच. तिचा भाऊ, आमचा धाकटा, आघाडीवर आहे. तो परत आला की त्याला वाचून दाखवायचं, त्याच्यामागे आम्ही काय दिवे लावले ते. या दोघांची आई गेल्यापासून मीच त्यांची आई, बाप आणि फौजदार. नात म्हणते, हे लिहायची गरज नाही. लिही म्हटलं.

इस्पितळ म्हणजे एक नाटकगृह आहे. खुर्च्या काढून खाटा मांडल्यात. रंगमंचावर पडदा ओढून डॉक्टर कापाकापी करतात. जन्मात कधी पुढची जागा मिळाली नव्हती, आता मिळाली. राहायला वरची, नट रंग फासायचे ती खोली दिलीय. आरशाभोवती दिवेच दिवे. एवढ्या उजेडात आपलं तोंड बघण्याचं माझं वय उरलेलं नाही. खाट एकच, ती नातीला. मी सतरंजीवर. जमिनीवर झोपलेलं माणूस खाली पडत नाही, हा मोठा फायदा.

मला काम दिलंय पट्ट्यांचं. जखमांच्या वापरलेल्या पट्ट्या उकळायच्या, वाळवायच्या, घट्ट गुंडाळून ठेवायच्या. ट्रक आला की मात्र हातातलं टाकून मी दारात जाते आणि स्ट्रेचरवरचं एकेक तोंड बघून घेते. धाकटा नसला की हुश्श करते. मग जो असतो त्याच्या आजीची मनातल्या मनात माफी मागते.

बुधवार

खांबाजवळच्या खाटेवर एक पोरगेला शिपाई होता. मांड्यांच्या खाली काही शिल्लक नव्हतं. तारा जोडायचं काम करायचा म्हणे. मी पट्ट्या ठेवायला गेले तर त्यानं माझा पदर धरला आणि म्हणाला, आजी, जातो मी.

माझ्या जिभेला हाड नाही. सवयीनं खेकसले, की जातो म्हणू नये रे, येतो म्हणावं. घरातून निघणाऱ्या पोराला ओरडावं तशी ओरडले. तो हसला. खरंच हसला, कुणीतरी रागावलं म्हणून बरं वाटल्यासारखा. म्हणाला, चुकलं, आजी. येतो. आणि गेला.

नात म्हणते, सकाळपासून तो किंचाळत होता, शेवट शांत झाला. मला रडू आलं, पण पट्ट्या ओल्या करून चालत नाही.

शनिवार

माझं नाव पडलंय येतो-आजी. ज्याचं काही उरलं नाही त्याच्याजवळ डॉक्टर मलाच बसवतात. माझं औषध एकच. जातो नाही, येतो म्हण बाळा. म्हणतात बिचारे. कुणी लाजत म्हणतो, कुणी शाळेतल्या कवितेसारखं घडाघडा. एक दाढीवाला हवालदार तर म्हणाला, येतो, पण जेवायला थांबू नका. किंचाळ्या कमी झाल्या. डॉक्टर नातीला म्हणाले, तुमची आजी अफूपेक्षा स्वस्त आहे. मी म्हटलं, आणि कडूही.

धाकट्याची खबर नाही.

सोमवार

खांबाजवळच्या खाटेवर आता एक ट्रक ड्रायव्हर आलाय. आडदांड. लागलंय फक्त पायाच्या बोटाला, आणि कुरकुर मात्र दोन्ही पाय गेल्यासारखी. मला सासूबाई म्हणतो. दुपारी तक्रार करायला लागला की सासूबाई, तुमच्याकडे एका खाटेवर दोघं झोपवायची पद्धत आहे का? कुणीतरी सारखं म्हणतंय, जरा सरका. मी म्हटलं, जावईबापू, लढाईचे दिवस आहेत, सरका.

संध्याकाळचा चहा घेऊन गेले तर तो गार पडलेला. बोटाच्या जखमेनं माणूस मरतो का? डॉक्टर म्हणाले, रक्ताची गुठळी हृदयात गेली असेल. असेल.

पण तो खाटेच्या अगदी कडेला होता. अर्धं अंग बाहेर. एवढा धिप्पाड माणूस, अंग चोरून. बाकीची अर्धी गादी रिकामी, आणि त्या रिकाम्या अर्ध्यात खळगा पडलेला. कमरेपासून मांडीपर्यंत. त्याच्या खाली नाही.

बुधवार

दाराजवळच्या खाटेवरचा गेला. तोही कडेला सरकून. मग हवालदाराच्या खाटेवर ज्याला निजवलं होतं तो. त्याला तर उद्या सुट्टी मिळणार होती.

दोन्ही खाटांवर आधी जे गेले, ते मला येतो म्हणून गेले होते.

इतकी साधी गोष्ट मला कळायला इतका वेळ लागला. परत यायला सांगितलं मी. यायचं कुठे ते सांगितलं नाही. पोरं मग जिथून निघाली तिथेच परत येतात, आपापल्या खाटेवर. आणि खाट तर आम्ही चादर बदलून लगेच दुसऱ्याला दिलेली असते.

गुरुवार

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मला झोपेची गोळी दिली. नातीला सांगितलं. ती म्हणाली, आजी, इस्पितळात माणसं मरतात गं. आताही लिहिताना ओठ चावतेय. चाव.

मी आता कुणाला येतो म्हणायला लावत नाही. पण उपयोग काय? त्यांनी एकमेकांना शिकवलंय. ट्रकवाल्यांनी ते तिकडेही पोचवलं, नव्या ट्रकमधले आघाडीवरूनच शिकून आलेत. मी एकाला हात जोडले, बाळा, जातो म्हण रे. भरल्या घरातून हाकलल्यासारखं त्यानं माझ्याकडे पाहिलं. आणि येतोच म्हणाला.

आता एकही खाट उरली नाही — एकही अशी नाही, जिच्यावरून कुणी येतो म्हणून गेलं नाही.

शनिवार

धाकटा आला.

स्ट्रेचरवर, पण जिवंत. कुशीत गोळी लागलेली. मला बघून म्हणाला, म्हातारे, तू अजून आहेस? ही आमची बोलायची रीत. डॉक्टरांनी पडद्यामागे नेऊन गोळी काढली. म्हणाले, वाचेल, फक्त टाके सुकेपर्यंत हलवू नका.

रिकामी खाट एकच होती. खांबाजवळची.

मी आडवी पडले त्या खाटेवर. शिव्या दिल्या. नात पडद्यामागे दुसऱ्याच्या पायाच्या कापाकापीत होती, तिला कळलंही नाही. मी स्ट्रेचरवाल्यांचे पाय धरले, वर घ्या, आमच्या खोलीत घ्या, नातीच्या खाटेवर. त्या खाटेवरून कुणी गेलेलं नाही. तेवढी एकच खाट —

जिन्याला वळण आहे. तिथे स्ट्रेचर कलंडलं. तो ओरडला नाही, फक्त हं म्हणाला.

रविवार

टाके तुटले. आतून रक्त. डॉक्टर जिना चढून आले, माझ्याकडे बघितलं आणि पट्ट्या मागितल्या. मला बोल लावायला हवा होता. कानाखाली मारायला हवी होती माझ्या.

पट्टीवर पट्टी बांधली. मी गुंडाळलेल्या सगळ्या संपल्या.

दुपारी त्याचे डोळे माझ्यावर थांबले आणि मला कळलं तो काय म्हणणार ते. लहानपणापासून मीच शिकवलेलं. मी त्याच्या तोंडावर हात दाबला. नात किंचाळली, आजी, त्याला श्वास घेऊ दे! मी हात काढला नाही.

तो माझ्या तळहातात म्हणाला.

ओठ हलले तेवढे. पण म्हणाला.

सोमवार

खाट ढकलत जिन्यापर्यंत नेली. नातीनं परत आणली. म्हणाली, माझा भाऊ होता ह्यावर, फेकायला निघालीस? मी म्हटलं, म्हणूनच. ती म्हणाली, तू हलवलंस त्याला. तू. खरं आहे. लिही ते. मोठ्या अक्षरात लिही.

पण त्या खाटेवर झोपू नकोस —

मंगळवार

दोन पाळ्या करून आली आणि त्याच खाटेवर बसली. वही मांडीवर. म्हणते, बोल, काहीतरी बोल, हाताला काम हवंय.

तर लिही. खाली ये. सतरंजीवर, माझ्याजवळ ये.

म्हणते, इथेच बरं वाटतंय. ऊब आहे.

ऊब कसली? पोरी, ऊब कसली —

तू कडेला का सरकलीस?

एवढी जागा कुणाला —

ऊठ. लिहू नकोस, ऊठ! मी ओढतेय आणि तू हललीसुद्धा नाहीस. हात किती गार, तरी लिहितोच आहे — पेन सोड —

गादी दबतेय. तुझ्या शेजारी, कुशीच्या बाजूला —

धाकट्या. राजा. ती ताई आहे तुझी. मी सांगितलं म्हणून आलास, शहाणा माझा. मी तुला आजवर कधी जा म्हटलं नाही रे. आज म्हणते. जा. तिला ठेव आणि