ऑफिशस आणि मेरिट्रिशस

३ फेब्रुवारी, मंगळवार

डबा तसाच परत आणला. ह्यांना सांगितलं, पित्त झालंय.

झालं असं — हाडांचे नवे डॉक्टर हॉस्पिटलच्या ग्रुपवर रोज दोन अवघड इंग्रजी शब्द टाकतात. अर्थ मराठीत, खाली एकेक वाक्य. कुणी वाचत नाही, नुसता अंगठा टाकून मोकळे! मी वाचते. शिकायला नाही — हे तर आपल्याला येतंच, एवढं बघून घ्यायला.

आजचे शब्द ऑफिशस आणि मेरिट्रिशस. आधी बरंच वाटलं! दोन्ही माझ्या वापरातले. मग अर्थ वाचले.

ऑफिशस : लुडबुड्या. नको तिथं नाक खुपसणारा, नसलेला अधिकार गाजवणारा. ‘लिफ्टमध्ये कोणी कुठं उभं राहायचं हेही तो ऑफिशस रखवालदार सांगतो.’

मेरिट्रिशस : वरून झगमग, आत काही नाही. ‘असल्या मेरिट्रिशस जाहिरातीला भुलू नका.’

गेल्याच महिन्यात मी धाकटीसाठी शिफारसपत्र लिहून दिलं. त्यात लिहिलं की ही बाई सर्व कामात ऑफिशस आहे आणि आचरणानं मेरिट्रिशस.

ऑफिसच्या कामात चोख ती ऑफिशस. मेरिट असलेली ती मेरिट्रिशस. मला इतकं सरळ वाटलं होतं!

४ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टरांचंच चुकलं असेल, असं रात्रभर स्वतःला समजावलं. सकाळी लवकर जाऊन कपाटातली मोठी डिक्शनरी काढली. काचेच्या दारामागे ती कित्येक वर्षं बसून आहे, कपाटाला शोभा म्हणून. पानं एकमेकांना चिकटली होती.

डॉक्टरांचं चुकलेलं नाही. उलट त्यांनी जपून लिहिलंय. मेरिट्रिशसचा मूळ अर्थ त्यांनी दिलाच नाही — वेश्येसारखी. जुन्या काळी शब्द त्याच अर्थानं वापरायचे.

आचरणानं!

आणि कुणाबद्दल? बावीस वर्षं मी ही रेकॉर्ड रूम सांभाळते. पेशंटच्या फायली, एक्स-रे, जन्माच्या नोंदी, मरणाच्या नोंदी. त्यातली अकरा वर्षं धाकटी माझ्या समोरच्या टेबलावर. ती आली तेव्हा तिच्याच नावाची एक वयानं मोठी बाई इथं होती, म्हणून ही धाकटी. मोठी केव्हाच सोडून गेली, ही चाळिशीला आली, तरी धाकटीच. हजारो फायलींत कुठली कुठं आहे ते तिला न बघता सांगता येतं. अकरा वर्षं तात्पुरती आहे. कुणासमोर आवाज चढवला नाही.

नदीपलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात रेकॉर्डच्या मुख्य बाईची जागा निघाली. कायमची. आवारातच राहायला दोन खोल्या. तिची आई अंथरुणावर असते, दिवसभर एकटी. तिथं लागली तर जेवणाच्या सुट्टीत घरी जाऊन आईला घास भरवता येईल. ‘बाई, पत्र तुम्हीच द्या, तुमचं इंग्रजी भारी,’ म्हणाली. मी कागदावर खरडलं, तिनं टाईप केलं, मी सही ठोकली. सही करताना मी वाचत नाही. आपलंच लिहिलेलं काय वाचायचं!

५ फेब्रुवारी

सांगायचं ठरवून गेले होते. सांगितलं नाही.

ती सुट्टीत वहीत काहीतरी आखत होती. ‘हे काय गं?’ तर दोन खोल्यांचा नकाशा. आईची खाट खिडकीशी कशी बसेल ते बघत होती. खोल्या पाहिल्यासुद्धा नाहीत अजून. ‘वेडेपणा हो बाई,’ म्हणून लाजली आणि वही मिटली.

अशा वेळी कसं सांगायचं? — हे आपलं मला बरं कारण सापडलं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज एक नीच काम केलं. ती एक्स-रे आणायला खाली गेली तेव्हा तिच्या ट्रेमधून माझ्या हातचा तो कच्चा कागद शोधला. बाथरूममध्ये जाऊन फाडला आणि पाणी सोडलं. एक तुकडा जाईना. तीनदा पाणी सोडलं!

छप्पन्न वर्षांची बाई. हॉस्पिटलात डिक्शनरीबाई म्हणतात मला. तोंडावर म्हणतात, मला आवडतं.

७ फेब्रुवारी

नदीपलीकडच्या मुलाखतींची यादी लागली. धाकटीचं नाव नाही.

मलाच ते आधी कळलं, कारण मी सकाळपासून दर दहा मिनिटांनी फोनवर बघत होते. तिला मी सांगितलं. म्हणजे तेवढंच सांगितलं. ती म्हणाली, ‘असू दे बाई. आपल्यापेक्षा शिकलेले असतील.’ आणि शिडीवर चढून वरच्या रॅकच्या फायली लावायला लागली. तासभर उतरलीच नाही. तिकडं वर लावण्यासारखं काही नव्हतं.

खालून मी काय म्हणावं? ‘मोठ्या ठिकाणी वशिला लागतो गं.’

९ फेब्रुवारी, सोमवार

हे लिहायला हात धजत नाही. पण इथं नाही तर कुठं लिहू?

साहेबांनी बोलावलं. आमचे प्रशासक, बरे आहेत, पण संस्थेच्या नावाला फार जपतात. म्हणाले, ‘आपल्या माणसाला मुलाखतीलासुद्धा बोलावलं नाही, हे काय? अर्ज मी पाहिला होता, उत्तम होता. पत्रात काही चुकलं होतं का, बाई?’

इथं नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम.

मी म्हणाले, ‘मजकूर माझा होता साहेब. टाईप तिनंच केलं. घाईत शब्द इकडचे तिकडे झाले असतील तर सांगता येत नाही.’

बोलत असताना मला माझाच आवाज ऐकू येत होता. अगदी शांत, काळजीचा. साहेबांनी ‘हं’ केलं, पेन्सिलनं काहीतरी टिपलं. मी बाहेर आले. धाकटीनं विचारलं, ‘काय म्हणाले?’ मी म्हटलं, ‘काही नाही, कपाटांच्या चाव्यांचं.’

१० फेब्रुवारी

रजा. डोकं दुखतंय म्हणून कळवलं. खरंच दुखतंय.

११ फेब्रुवारी, बुधवार

ह्यांना सगळं सांगितलं. हे शेजारच्यांचा मिक्सर उघडून बसले होते. तीस वर्षं वायरमन होते, आता फुकटात करतात. मी बोलत होते, ते स्क्रू काढत होते. वाटलं, ऐकतच नाहीत. सगळं झाल्यावर म्हणाले, ‘ते दोन शब्द परत सांग.’

सांगितले.

‘मला दोन्ही येत नाहीत. म्हणून मी ते कधी कुणाला चिकटवलेही नाहीत.’ मग थोड्या वेळानं — ‘माझ्या हातून तारा उलट्या जोडल्या गेल्यात कधी कधी. फ्यूज उडाले. पण मी मीटरला नाही नावं ठेवली गं.’

रडू आलं. त्यांनी हात पुसले, पाणी आणून दिलं. ‘उद्या नदीपलीकडं जा. चूक माझी म्हणून सांग. फार तर हसतील.’

हसतील! तेवढंच तर नको होतं मला. त्या हसण्याच्या भीतीनं एवढं सगळं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

गेले. भरती बघणाऱ्या बाईंसमोर पाऊण तास बसून राहिले, मग नंबर आला. माझ्या मुलीच्या वयाची असेल. मी पाठ केलेलं घडाघडा म्हटलं : ‘त्या पत्रात माझ्या अज्ञानानं दोन शब्द भलतेच गेलेत. त्या बाईचा काही दोष नाही. ती फार चांगली आहे. शिक्षा तिला होऊ नये.’

‘कुठले शब्द?’

मोठ्यानं उच्चारावे लागले. मागच्या बाकावर चार माणसं बसली होती. तिनं फाईल काढली, पत्रावरून बोट फिरवलं, पुन्हा वरून खाली फिरवलं.

‘असं काही नाहीये इथं.’

पत्र माझ्यापुढं सरकवलं. खाली सही माझीच, शेपटीसकट. वर लिहिलेलं : कामात कॉन्शिएन्शस. आचरण मेरिटोरियस. म्हणजे मनापासून काम करणारी, आणि प्रशंसनीय. मला जे म्हणायचं होतं तेच, पण इंग्रजीत!

बाकीचाही मजकूर माझा नव्हता. म्हणजे माझा होता, पण विंचरल्यासारखा. लांबलचक वाक्यं तोडलेली. ‘व्हेरी’ आणि ‘एक्स्ट्रीमली’ गाळलेले.

‘छान लिहिलंय की,’ ती म्हणाली. ‘सोपं आहे. कुणी लिहून दिलं?’

सवयीनं तोंडातून गेलं — ‘मी.’

एवढं सगळं कबूल करायला गेलेली मी! आणि म्हणाले ‘मी’!

मग कळलं, ती यादी निम्मीच होती. उरलेल्यांना पुढच्या आठवड्यात बोलावणार, धाकटीचं नाव त्यात आहे. ‘मुलाखतीबरोबर जुन्या ठिकाणची फाईल मागवतो. त्यात मेमो वगैरे नसला की झालं.’ बाहेर पडले तेव्हा पाय हलके झाले होते. पुलावरून चालतच आले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

धाकटीला विचारलं. दार लावून घेतलं आणि विचारलं, ‘माझ्या पत्रातले शब्द तू बदललेस?’

तिचा चेहरा उतरला. चोरी तिची पकडल्यासारखा! ‘रागावू नका बाई. तुमच्या मनात काय होतं ते मला कळलं होतं. शब्द तेवढे... जरा वेगळे पडले होते.’

‘तुला ते शब्द येत होते?’

‘मला कुठं येतात! येत नाहीत म्हणून बघते. अडलं की बघते.’ खण उघडून दाखवला. शाळेतल्या मुलांची छोटी डिक्शनरी, पुठ्ठा निघालेला, वर खाकी कव्हर. पहिल्याच वर्षी मी तिला टोकलं होतं, ‘सारखं काय ते पुस्तक चाळतेस, शब्द डोक्यात हवेत.’ तेव्हापासून ती खणात ठेवून बघायची.

‘अर्थ कळला तेव्हा तुला काय वाटलं? माझ्याबद्दल?’

ती हसली. ‘काय वाटणार? तुम्ही माझं वाईट कशाला लिहाल?’

मग तो प्रश्न विचारला. विचारायला नको होता, पण विचारला. ‘धाकटे, असं कधीपासून बदलतेस?’

‘चहा सांगू का बाई?’

‘कधीपासून?’

नखानं टेबलाची कड खरवडत राहिली. ‘भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या निरोपाचं पत्र आठवतं? त्यांना तुम्ही नोटोरियस लिहिलं होतं. नामांकित म्हणायचं होतं तुम्हाला. तो कुप्रसिद्धाला वापरतात. मी फेमस केलं.’

ते डॉक्टर जाऊन दहा वर्षं झाली. ते पत्र समारंभात वाचून दाखवलं होतं, लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मी उठून उभी राहिले होते!

चहा आला. तिनं माझ्या कपात अर्धाच चमचा साखर घातली, मला लागते तेवढी. साहेबांपुढं मी काय बोलले ते तिला सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि चहा प्यायले. ‘तुझं नाव दुसऱ्या यादीत आहे’ एवढं सांगितलं. गोड बातमी तेवढी सांगितली. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वही बाहेर काढली नाही, पण हात खणाकडं गेला होता, मी पाहिलं.

१४ फेब्रुवारी

ह्यांनी विचारलं, ‘सांगितलंस ना सगळं?’ हो म्हटलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

धाकटीला बोलावणं आलं. परवा मुलाखत. कुठली साडी नेसू म्हणून मला विचारते! निळी म्हटलं. दोघी हसलो. आज फार दिवसांनी बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीच लाज वाटली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी साहेबांचा क्लार्क धाकटीची फाईल घेऊन आला. पलीकडं पाठवायची आहे, विभागप्रमुख म्हणून माझी सही हवी. सही करणार होते. या वेळी वाचलं.

सगळ्यात वर मेमो. तारीख नऊ. ‘निष्काळजी टायपिंगमुळे संस्थेच्या नावाला बाध.’ खाली तिच्या बारीक अक्षरात : ‘चूक माझी आहे. पुन्हा होणार नाही.’ सही, तारीख दहा.

म्हणजे शुक्रवारी तिनं मला चहा पाजला तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं.

फाईल माझ्या मांडीवर आहे. साहेबांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे. ते साडेदहाला येतात, आता दहा वाजून वीस. मेमो रद्द करा म्हणून पत्र लिहिलंय. चार ओळी, मराठीत. टाईपला दिलेलं नाही.