देवीचा बोकड आणि फुकटचे तारण

श्री काळकाई प्रसन्न.

मी, सयाजी महिपती उतेकर, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शेती व त्याखेरीज बत्तीस वर्षे गावकीचा पंच, राहणार उतेकर कोंड, पोलादपूरनजीक, जिल्हा कुलाबा, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे तर आपल्या हाताने लिहून ठेवतो. माझी अक्कल ठिकाणावर आहे. शंका आल्यास माझी पत्नी ठकूबाई हिला विचारू नये, कारण तिचे मत लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून निराळे आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते लिहिले तेव्हा मी स्वतःला सज्जन समजत होतो.

कलम पहिले. घर, गोठा व घरालगतची भातशेती ठकूबाईने हयातभर वापरावी, नंतर दोघा मुलांनी निम्मी निम्मी घ्यावी. थोरला येसाजी मुंबईस गिरणीत असतो. तो शिमग्याला येतो, 'इधर कुछ इम्प्रूव्हमेंट नही' असे म्हणतो आणि आठ दिवस ओट्यावर झोपतो. तरी वाटणीत ओटा त्याच्याकडे जावा. धाकटा मालोजी राबतो, म्हणून बैलजोडी व नांगर त्याचा.

कलम दुसरे. कोयते तीन व पहार एक मालोजीस. भावकीतल्या ज्या गृहस्थाने माझी कुदळ नेली आणि नऊ वर्षे परत आणली नाही, त्यालाच ती कुदळ मी बक्षीस देतो, म्हणजे निदान यापुढे ती चोरीची राहणार नाही. पितळी मुठीची काठी, जी हातात धरून मी न्यायाला बसत असे, ती मात्र कोणालाही देऊ नये. ती माझ्या सरणावर घालावी. कारण कलम पाचमध्ये येईल.

कलम तिसरे. तुडीलची माझी मेव्हणी प्रयागबाई हिचे नदीकाठचे शेत माझ्याकडे तारण आहे. दोन वर्षांपूर्वी महाडच्या बाजारात एक टोपीवाले गृहस्थ जमिनीवर कापड अंथरून पुस्तके विकत बसले होते. एकावर मोठ्या अक्षरांत छापले होते, 'तारण : सर्वांसाठी, विनामूल्य'. सरकारने नवा कायदा काढला आणि तारण धरणारे आम्ही सगळे बुडालो, असे समजून मी ते पुस्तक ताबडतोब विकत घेतले. आत 'जुना करार' आणि 'नवा करार' असे जागोजाग होते. नवा म्हणजे कूळकायद्यानंतरचा, असे धरून मी वाचत गेलो. अकरा पाने झाली तरी सर्व्हे नंबर येईना, सारा येईना. नुसती मेंढरे, पाप आणि प्रभू.

पुढच्या बाजाराला मी भांडायला गेलो. ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "काका, तारण म्हणजे उद्धार. आपला आत्मा गहाण पडला आहे असं समजा."

"कोणाकडं?"

"पापाकडे."

"सोडवायला काय पडंल?"

"तुम्हाला काही नाही. किंमत दुसऱ्याने भरली आहे."

असला व्यवहार मी जन्मात पाहिला नव्हता. यात खोच कुठे आहे ते शोधण्यासाठी मी उरलेले पुस्तक वाचले. असो. प्रयागबाईचे शेत तिला बिनमोबदला परत द्यावे. हे लिहायला दोन वर्षे लागली, कारण 'विनामूल्य' हा शब्द मी फक्त आत्म्यापुरता धरून चाललो होतो.

कलम चौथे. सदरहू पुस्तकाबद्दल. मी बाटलेलो नाही, काळकाईचा आहे आणि काळकाईचाच मरेन. ठकूबाईने मात्र ते पुस्तक दोनदा चुलीकडे नेले. "त्या बुकाला हात लावलाव तर आंघोळ करून या," ती म्हणाली, "आनि बाटायचंच हाय तर आधी वालाची काढणी उरका." पुस्तक साध्या माणसासाठी साध्या भाषेत लिहिले आहे, आणि हीच त्याची अडचण आहे, कारण समजले नाही असे म्हणता येत नाही. त्यात म्हटले आहे की पाप दंड भरून फिटत नाही. ते कबूल करावे लागते, आणि मग क्षमा मिळेल असा विश्वास धरावा लागतो.

आमच्या गावकीत दर ठरलेले होते. शिवीगाळीला नारळ, बांध कोरला तर कोंबडा, देवीच्या अपराधाला बोकड. पाप्याने बोकड आणायचा, पंचांनी खायचा, की पाप गेले. हे पुस्तक घरोघर गेले तर पंचांनी खायचे काय? तरी ते गावकीच्या पेटीत, दंडाच्या वहीच्या वर ठेवावे.

कलम पाचवे. सन १९४१ च्या माघात काळकाईच्या नावाने सोडलेला बोकड माझ्या वालात शिरला. मी पितळी मुठीची काठी फेकली. ती त्याच्या कानाखाली बसली आणि देवीचा बोकड जागच्या जागी मेला. मी तो माझ्याच उकिरड्यात पुरला. त्याच दिवशी माझा चुलतभाऊ चांगू याच्याकडे सव गावाहून मेहुणे आले होते आणि मटण शिजत होते. वाडीला वासावरून चोर सापडला. मी न्यायाला बसलो, तीच काठी हातात घेऊन, आणि निकालाच्या कागदावर अंगठा घेऊन चांगूला वाळीत टाकले. तो आणि मी एका दिवशी शाळेत गेलो होतो आणि एकाच दिवशी शाळेतून पळालो होतो; पुढे मी परत गेलो, तो गेला नाही.

सात वर्षे त्याला कोणी विस्तव दिला नाही. त्या काळात त्याची आई राहीबाई वारली. जिने मला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवले, तिच्या तिरडीला चार पुरुष मिळाले नाहीत. चांगू, दोन मेहुणे, आणि चौथ्या खांद्याला त्याची बायको मैना. बाईने खांदा दिला म्हणून तिला आणखी एक बोकड लावावा, असे पंचांपैकी एकजण म्हणाला. मला ताप असल्याने बैठक झाली नाही. मला ताप नव्हता. मी माळ्यावर खिडकीआड उभा राहून तिरडी जाताना पाहत होतो, आणि मला स्वतःची शिसारी आली होती. सात वर्षांनी चांगूने दंडाचा बोकड व गावजेवण दिले, तेव्हा नळीचे हाड माझ्या पानात होते. मी ते चोखले.

पुस्तकात एके ठिकाणी लिहिले आहे : तुझी शिक्षा एका निरपराध्याने भोगली. तिथे मी पुस्तक मिटले. त्यांच्या प्रभूने ती आपखुशीने भोगली म्हणतात. आमच्या वाडीतल्या निरपराध्यावर ती मी लादली होती.

सबब हे कलम माझ्या मृत्यूनंतर, शिमग्याला पालखी सहाणेवर, म्हणजे देवीच्या चौथऱ्यावर, बसली की, सर्व चाकरमानी हजर असताना मोठ्याने वाचावे. माझ्या तिरडीचा पुढचा उजवा खांदा चांगूने द्यावा अशी विनंती आहे. त्याने नाही म्हटल्यास ती बाजू मालोजीच्या बायकोने धरावी, म्हणजे गावाला मैनाची आठवण होईल.

येथवर लिहून दोघांना साक्षीला बोलावले. पहिले भिकू सकपाळ, पोस्टमन. त्यांनी घाईत सही केली. दुसरा मुद्दाम चांगू. साक्षीदाराला मजकूर ठाऊक असण्याची गरज नाही असे मी ऐकून होतो, तेव्हा न सांगताच अंगठा घ्यावा असा माझा बेत होता. शाईचा डबा पुढे केला तर तो म्हणाला, "वाचून दाखव. न वाचता एकदा तुझ्या कागदावर अंगठा दिलाय मी."

मी वाचले. पाचवे कलमही वाचले. त्याने शाईचा डबा बाजूला सारला.

"बोकडाचं मला ठावं होतं, सया. तिसऱ्या पावसात तुझ्या उकिरड्यात शिंगं वर आली, ती मीच बघितली."

"मग बोललास का नाय रे?"

"कोणापुढं बोलू? पंच तूच."

मी कागदाची घडी घालू लागलो. तो म्हणाला, "थांब. मेल्यावर वाचायचं लिवलंस. म्हंजे तू सुटलास, आनि लाज पोरांनी भोगायची. ह्यो पन दंडच झाला, दुसऱ्यानं भरायचा. आनि काठी सरणावर कशाला? होळी काय लांब नाय."

"आनि खांद्याचं?"

"त्याचं आता काय सांगू? शिमगा होऊ दे."

बत्तीस वर्षे न्याय मी सांगितला, या वेळी तो चांगूने सांगितला. म्हणून खालील दुरुस्त्या करीत आहे. खाडाखोड माझ्याच हातची आहे.

कलम दोनमधील 'माझ्या सरणावर' हे शब्द खोडून 'येत्या शिमग्याच्या होळीत' असे घातले.

कलम पाचमधील 'माझ्या मृत्यूनंतर' हे दोन शब्द खोडले. त्या जागी 'येत्या' हा शब्द घातला. 'वाचावे' खोडून 'मी स्वतः उभा राहून सांगेन' असे घातले.

खांद्याबद्दलचा मजकूर सबंध खोडला असून ती जागा कोरी सोडली आहे. ती भरणे माझ्या हातात नाही.

स्थळ : उतेकर कोंड. तारीख : १२ फेब्रुवारी १९६२.

सही : सयाजी महिपती उतेकर

साक्षीदार :
१. भिकू रामजी सकपाळ, पोस्टमन. सही, मजकूर न वाचता.
२. चांगू कोंडाजी उतेकर, शेती. निशाणी डावा अंगठा, मजकूर वाचून घेऊन.