पत्रिकेतले पणजोबा

एडमंटन, ३ फेब्रुवारी २०२५

ती. सुनंदाताईस, शि. सा. न.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि श्रवणयंत्र लावायचं नाही, म्हणून पत्र. गौरांगीचं लग्न जूनमध्ये ठरलं. मुलगा योनास, इथेच सिव्हिल इंजिनिअर. घराणं मूळचं एरिट्रियाचं, म्हणजे आफ्रिकेतलं. लेकीच्या या निवडीने मंदाकिनी दोन दिवस जेवली नाही. नागपूरचे लोक काय म्हणतील, हाच एक घोष.

तेवढ्यात योनास सहज बोलून गेला की त्याच्या आजीचे, अल्गानेशबाईंचे, वडील इटालियन होते. तिथे इटलीचं राज्य होतं तेव्हा रस्ते बांधणारे इंजिनिअर बेल्लांदी! मंदाकिनी लगेच उठून पोळ्या लाटायला लागली. मीही यूट्यूबवर इटालियनांनी बांधलेली एरिट्रियाची राजधानी पाहिली. काय ते रस्ते, काय ती सिनेमागृहं! पत्रिकेत ‘कै. इंजिनिअर बेल्लांदी, इटली, यांचे पणतू’ असं ठळक छापलंय. सोबत एक प्रत पाठवतो.

लोभ आहे तसा राहू दे, थट्टा तेवढी कमी कर.

तुझा उल्हास

कोक्विटलाम, १४ फेब्रुवारी

चि. उल्हास यास अ. उ. आ.

पत्रिका मिळाली. बेल्लांदी गणपतीपेक्षा मोठ्या अक्षरात आहेत. विघ्नहर्ता बदलला का रे? आजोबांनी इंग्रज जावा म्हणून येरवड्यात नऊ महिने काढले, आणि नातू कॅनडात चाळीस वर्षं बर्फ शोव्हल करून पत्रिकेत दुसराच साहेब बसवतो. जावई चांगला आहे एवढं पुरेना, त्याला गोरेपणाचं सर्टिफिकेट हवं.

मी पस्तीस वर्षं इतिहास शिकवला, म्हणून सांगते. बाप इटालियन आणि आई तिथली, अशा मुलांना बापाने आपलं म्हणू नये, असा कायदाच इटलीने १९४० साली केला होता. अल्गानेशबाईंना विचारलंस का? विचारल्याशिवाय त्यांना पत्रिका पाठवू नकोस.

मंदाकिनीला जेवायला सांग.

तुझी ताई

एडमंटन, २ मार्च

ती. ताईस, शि. सा. न.

तुझं पत्र यायच्या आधीच पत्रिका गेली होती. अल्गानेशबाईंनी ती परत पाठवली. बेल्लांदींच्या जागी कात्रीने कापलेलं चौकोनी भोक.

गौरांगीने बजावलं की पत्रिका बदला, नाहीतर आम्ही दोघं परस्पर लग्न करतो, तुम्ही येऊ नका. मग मी बेसनाचे लाडू घेऊन माफी मागायला गेलो. बाईंनी त्यांच्या रीतीप्रमाणे तीनदा कॉफी दिली आणि शांतपणे सगळं सांगितलं. कायदा आला तेव्हा त्या दोन वर्षांच्या होत्या. बेल्लांदींनी मायलेकींना बंगल्याबाहेर काढलं. आई ब्रिक्तीने गोऱ्यांचे कपडे धुऊन मुलगी वाढवली. गोऱ्यांच्या वस्तीत तिला कामापुरताच शिरकाव होता. मी वाखाणलेल्या रस्त्यांवर तिला सहज फिरायलाही बंदी. ताई, माझी मान वर होईना.

पत्रिकेत ब्रिक्तीचं नाव घाला, एवढंच त्या म्हणाल्या. आणि शेजारी नवरीच्या पणजीचं. गौरांगी म्हणते, दोन्ही नावं येईपर्यंत तारीख नक्की नाही. आजोबांचे तुरुंगातले नऊ महिने मला तोंडपाठ आहेत, पण आजीला सगळे वहिनी म्हणायचे. तिचं नाव काय गं? छापणारा थांबलाय.

आशीर्वाद असू दे, या वेळी जरा जास्तच.

उल्हास

कोक्विटलाम, १९ मार्च

चि. उल्हास यास अ. उ. आ.

मलाही ठाऊक नाही. तुला इतक्या तोऱ्यात इतिहास शिकवला, आणि आता माझीच मला लाज वाटते आहे. नागपूरच्या घरी राहणाऱ्या आपल्या चुलतभावाला, शौनकला, माळ्यावरची आजीची भांडी तपासायला लावली. प्रत्येकावर आजोबांचंच नाव कोरलेलं.

गौरांगीकडून पत्ता घेऊन अल्गानेशबाईंना मी खरं ते लिहिलं, की आजीचं नाव आम्हा कुणालाच ठाऊक नाही. त्यांचं उत्तर आलं: लग्नाला नक्की येते, तारीख पक्की करा, ब्रिक्तीचं नाव ठळक छापा, आणि तुमच्या आजीच्या जागी भोक पाडायला कात्री मी आणते.

तुझी ताई