डाव्या डोळ्याची मोजणी

प्रिय कर्स्टी,

तू दिलेला लोकरीचा मफलर परिषदेसाठी डार्विन शहरात नेला आणि घडी न मोडता परत आणला. तिथे ऑक्टोबरात सुती कपडासुद्धा अंगावर नकोसा होतो. इथे मात्र कालपासून दक्षिणेचा गार वारा सुटलाय आणि मफलर गळ्यात गुंडाळूनच लिहिते आहे. तुझ्या बाबांची दुर्बीण पुसून, तिवईसकट खाडीवरच्या खोलीत ठेवली आहे. हवी तेव्हा ने.

पक्षी मोजणाऱ्यांची परिषद पार पडली. तुझ्या बाबांनी मे महिन्यातच गोषवारा पाठवून ठेवला होता, की दरवर्षी लांबून येऊन आपल्या खाडीवर उतरणारे कुआका पक्षी गेल्या चार वर्षांत जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने घटले. खाली दोन नावं, त्यांचं आणि माझं. जूनमध्ये ते गेल्यावर आयोजकांनी विचारलं, त्यांच्या जागी तुम्ही बोलाल का. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं परीक्षानळ्या धुतलेली मी, चार माणसांपुढे कधी उभी राहिले नव्हते. पण हो म्हटलं.

आमची पद्धत तुला लहानपणापासून ठाऊक आहे. भरती चढली की पक्षी शिंपल्यांच्या बांधावर गोळा होतात. दोघांनी दोन दुर्बिणींतून मोजायचं, आपापल्या वहीत आकडा लिहायचा आणि मगच तोंड उघडायचं. सव्वीस वर्षांपूर्वी मोजणी सुरू केली तेव्हापासून कितीतरी वर्षं हे आम्ही काटेकोर पाळलं. मग एका हिवाळ्यानंतर बाबा दुर्बिणीला डावा डोळा लावू लागले. विचारलं तर म्हणाले, "उजवा निवृत्त झाला गं. घरी बसून पेन्शन खातोय." मी हसले. त्याच सुमाराला ते आकडा मोठ्याने सांगायला लागले. "चार हजार दोनशे. तुझं काय?" माझे तोवर पाच हजार नऊशे झालेले असायचे. मला वाटायचं, थवा उठून परत बसला तेव्हा मीच तेच पक्षी दोनदा धरले. सगळ्या खाडीला ठाऊक होतं की मर्डो केरिगन चुकत नाही. मी पुन्हा डोळा लावायची आणि चार हजार तीनशे लिहायची. ते चिडवायचे, "नोलीन, तुझे पक्षी नेहमी माझ्या पक्ष्यांच्या मागून कसे येतात?"

अंत्यविधीच्या दिवशी सभागृहाच्या स्वयंपाकघरात कप पुसताना तू सहज म्हणालीस, "शेवटी बाबांना माझा चेहरा दिसायचाच नाही. मधोमध नुसता डाग. आवाजावरून ओळखायचे." मला ते माहीत असणार असं तू धरून चालली होतीस. मी बशा एकावर एक रचत राहिले.

नंतर मी विद्यापीठातल्या लोसाला फोन केला. ती चार वर्षांपासून खाडीचे हवेतून फोटो काढते आहे, आमच्याच मोजणीच्या भरतीला. तिने ते मोठे करून छापून दिले. तीन आठवडे स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी एकेका पक्ष्यावर पेन्सिलीने टिंब काढत बसले. पक्षी घटले नव्हते. जेवढे पूर्वी होते, साधारण तेवढेच होते.

बोलायला बारा मिनिटं होती. बाबांनी केलेले आलेख मी बदलले नाहीत. उतरत जाणारी ती रेघ पडद्यावर आली तेव्हा म्हटलं, "ही रेघ पक्ष्यांची नाही. मोजणाऱ्या दोघांची आहे. एकाला दिसत नव्हतं, आणि दुसरीला दिसत होतं ते तिने लिहिलं नाही." मग लोसाचे फोटो दाखवले. जपानहून आलेल्या एका बाईंनी अगदी सौम्यपणे विचारलं, "हे कोणत्या वर्षापासून?" म्हटलं, ठाऊक नाही. त्या म्हणाल्या, "मग सव्वीसची सव्वीस वर्षं बाजूला ठेवावी लागतील." त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. चहाच्या वेळी पश्चिम किनाऱ्यावरचा एक म्हातारा मोजणीदार जवळ आला. म्हणाला, "आमच्याकडेही एक असा मर्डो आहे. तो मीच असेन, अशी मला भीती वाटते." आणि बिस्किटांची बशी माझ्यापुढे सरकवून निघून गेला.

हे तुला परक्या माणसाकडून कळू नये, म्हणून लिहिते. आणखी एक कारण आहे. तो हिवाळा कुठला, चार वर्षांपूर्वीचा की सहा, हे मला आठवत नाही, आणि लोसाचे फोटो चार वर्षांच्या मागे जात नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरकडे त्यांना गाडीतून तूच नेलं असणार, आणि नोलीनला कळू देऊ नकोस असंही त्यांनी बजावलं असेल. पहिल्या तपासणीचा कागद तुझ्याकडे असेल तर त्यावरची तारीख मला कळव. ती हातात आली की तिच्या आधीची सगळी वर्षं तुझ्या बाबांच्या नावावर राहतील. त्यानंतरची माझ्या नावावर लिहायला माझी हरकत नाही.

शनिवारी मोठी भरती आहे. लोसा आणि मी हल्ली एकमेकींकडे पाठ करून आकडा लिहितो.

तुझीच,
नोलीन मावशी