अक्का, तुझा कार्डिओग्राम मी पाहिला होता

प्रिय अक्का,

काल दवाखान्यात तुझ्याच वयाची एक बाई आली, जबडा धरून. म्हणून आज लिहायला बसलो.

तिचा कार्डिओग्राम काढला. हृदयविकाराच्या झटक्यात उचलते तशी रेघ कुठेही वर उचललेली नव्हती. तुझीही नव्हती. पण काल मी तिला घरी जाऊ दिलं नाही. अ‍ॅस्पिरिन चावायला दिली, जिभेखाली गोळी ठेवली, खाटेवर झोपवलं. तासाभरानं पुन्हा कागद काढला, तर रेघ खाली गेलेली. झटकाच होता. मी स्वतः तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. तिथे रक्त पातळ ठेवणारं हेपॅरिन सुरू झालं. आज सकाळी ती चहा मागत होती.

तुझ्यासाठी मी एवढं का केलं नाही ग?

तू नात्यातल्या एका लग्नासाठी धुळ्याला आली होतीस. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिथल्याच देवपूर भागात माझ्या दवाखान्यात येऊन बसलीस. थंडीचे दिवस, आणि तुझा पदर घामानं ओला. मी म्हणालो, कालच्या जेवणातलं तेल बाधलं असेल. तू हळूच म्हणालीस, "नाना, छातीमा काहीच नही. जबडा दुखस, अन् जीव घाबरस."

कागद पाहिला आणि मला हायसं वाटलं. डॉक्टर म्हणून नाही, भाऊ म्हणून. रेघ वर गेली नाही तरी झटका असू शकतो, हे मी कॉलेजात शिकलो होतो. परक्या कुणाला दिवसभर ठेवून घेतलं असतं. पण कापूस वेचायला बाया येणार म्हणून तुझी निघायची घाई, बाहेर पेशंट खोळंबलेले. मी पित्ताच्या गोळ्या दिल्या आणि स्कूटरवरून तुला स्टँडवर सोडलं. तू का हट्ट धरलास? आणि मी एवढा शिकलेला, मी का ऐकलं?

चाळीसगावला दाजी तुला घ्यायला आले होते. एसटीतून उतरताना तू पायरीवरच बसलीस, ती उठलीच नाहीस. त्यांचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो.

दहाव्याला दाजी माझा हात धरून म्हणाले, "तू व्हता म्हनीसन तपासनी तरी व्हयनी." माझ्यामुळे निदान तुझी तपासणी झाली, एवढंच त्यांना समाधान. घरचे बठ्ठे, सगळेच्या सगळे, माझ्याकडे बघत होते. अचानक झालं, कुणाच्याच हातात काही नव्हतं, असं मी सांगितलं.

खोटं होतं ते. घरी आल्यावर तुझा कागद मी कपाटातून काढून पुन्हा पाहिला. दोन ठिकाणी रेघ किंचित झुकली होती. शोधली असती तर तेव्हाही दिसली असती. तू नक्की वाचली असतीस, असं नाही म्हणत मी. पण निदान खाटेवर असतीस. माझ्यासमोर असतीस.

रविवारी मी चाळीसगावला जातोय. तो कागद दाजींसमोर ठेवून सगळं सांगणार आहे. ते मला घराबाहेर काढतील. नाहीतर पुन्हा माझा हात धरतील, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते. तरी सांगितल्याशिवाय परत फिरणार नाही, अक्का. एवढा शब्द देतो.

तुझा भाऊ,
नाना