पर्लसाठी हाक

प्रिय सीफस,

फोनवर हे बोलायला बसलो की माझ्यासारख्या प्रवचनकाराचीही जीभ जड होते, म्हणून लिहितो आहे. नदीकाठचं आपलं ओकचं रान गप्प झालंय. वारा असतो, पानं हलतात, पण त्यांच्यामागे काहीच नसतं. रिकाम्या चर्चमध्ये आपलाच खोकला ऐकू यावा, तसं वाटतं.

खारींच्या शिकारीचा मोसम सुरू झाला तेव्हा चर्चच्या जेवणासाठी मी जिपला घेऊन गेलो. हे कुत्रं खारीचा वास लागला की झाडाखाली उभं राहून रान डोक्यावर घेतं, तुला माहीत आहे. यंदा ते ओकांच्या मधोमध बसलं आणि माझ्याकडे बघून कण्हलं. जमीन नांगरल्यासारखी उलटलेली. ओकचं एक फळ शिल्लक नाही. सशांचा पोकळ ओंडका फोडलेला, उंदरांची घरटी उकरून काढलेली. एकात सुकं गवत आणि चिमूटभर लव, बस. रात्री कोंबड्या चोरणाऱ्या रॅकूनचे ते लहान मुलाच्या पंजासारखे ठसे चिखलात शोधले, एकही नाही. सगळीकडे रानडुकरांच्या खुरांचे ठसे, खुरांवर खूर.

जेवणाच्या वेळी व्हर्लीनबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काय पास्टर, खारीचा रस्सा कुठंय? की यंदा प्रवचनावरच पोट भरायचं?" लोक हसले. आम्ही दुकानातली कोंबडी खाल्ली. भांडी घासताना मात्र त्या हळूच म्हणाल्या, "जन्मभर मी त्या रॅकूनांना शिव्या घातल्या. आता माझ्या खुराड्याला कुणी हातही लावत नाही. कडी लावताना भीती वाटते हो."

"डुक्करही देवाचंच लेकरू," असं मला ऐकवणारे आहेत. असेल! पण त्याला ट्रकमधून इथे आणून कुणी सोडलं? शिकारीची हौस असलेल्या माणसांनी. खार दहा फळं पुरते, दोन विसरते, त्यातून ओक उगवतो. डुक्कर विसरण्यापुरतंही काही ठेवत नाही. पोटभर खाल्लं तरी पुढचं उकरतं, आणि ज्यांना पळता येत नाही ती पिल्लं त्याच घासात जातात. याला मी देवाची इच्छा म्हणणार नाही. व्यासपीठावरूनही नाही आणि मरतानाही नाही.

पलीकडच्या रॉइसनं बंदुकीनं दोन मारली, तर उरलेली पांगली आणि अधिक हुशार झाली. धरायचा तर सगळा कळप एकदम धरावा लागतो. म्हणून मी जाळीचं मोठं गोल कुंपण घातलं, आत मका टाकला, फाटक लांबून ओढून बंद करायला दोर बांधला. लहानगी दारापर्यंत येतात. म्होरकी मादी बाहेर उभी राहते, एकदाच हुंकारते, आणि सगळी मागे फिरतात. तिच्या डाव्या कानावर पांढरा ठिपका आहे.

हो बाळा, पर्लच आहे. पिल्लू असताना तू शर्टात गुंडाळून आणलेली, आईनं चुलीजवळ ठेवलेली, बाटलीनं दूध पिणारी. तू तिला ओढ्यापलीकडे सोडलंस तेव्हा तुझ्या रडण्याचं मला कौतुक वाटलं होतं.

तिला दुधासाठी बोलवायची तुझी ती लांब, शेवटी फाटणारी हाक मी शिकलो. गाडीच्या काचा वर करून घोकत होतो, तरी तुझी आई पिठाचे हात घेऊन ओसरीवर धावत आली. "सीफस आला? कुठंय तो?" मी गाडीतून उतरलो. ती पाठ फिरवून आत गेली, आणि अजून माझ्याशी धड बोललेली नाही.

बुधवारी दुपारी कुंपणाच्या जाळीमागे उभा राहून मी तुझ्या आवाजात हाक मारली. पर्ल आली. फाटकातून थेट आत, मागे अख्खा कळप, कुणाचा आवाज नाही. तिनं जाळीतून माझा हात हुंगला आणि माझ्या पाठीमागे बघत राहिली, तुला शोधत. दोर माझ्या हातात होता. मला तो ओढवला नाही.

म्हणून हे पत्र. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी घरी ये आणि तिला तू स्वतः हाक मार. दोर मी ओढीन, पुढचंही मीच करीन, तू तोंड फिरव हवं तर. पण खोट्या आवाजावर तिला आत घ्यायला लावू नकोस मला. तू आला नाहीस, तरी त्या दुपारी रानात तुझाच आवाज ऐकू येईल.

तुझी वाट पाहणारा, तुझाच,
बाबा